गुडघ्यावरचा लेप

महालक्ष्म्यांच्या आदल्या सकाळी ती फुलांच्या टोपल्या उतरवताना बैलगाडीवरून पडली. याला जबाबदार कोणी नाही. दसऱ्याच्या सुमारास तिच्या गुडघ्याला लेप लावण्यात आला. जबाबदार आमच्या गावच्या दवाखान्याचे डॉक्टर. दिवाळीत तिचा पाय टेकेनासा झाला. जबाबदार तेच डॉक्टर आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारी दवाखाना समिती. शिमग्यानंतर ती गेली. ही शेवटची जबाबदारी अद्याप कोणीही स्वीकारलेली नाही.

बाजारात तिला सगळे फुलवाली मामी म्हणत. तिच्या जिभेला अख्खा गाव वचकून असे. मी कचेरीतून परतलो की ती दुरूनच हाक मारी, "आले काय वकीलसाहेब, कोर्टात खोटं बोलून? घ्या, देवाले हार न्या. त्याचं तरी तोंड बंद राहीन." एका चपराशाने फुकट गजरा मागितला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुह्या बायकोले घेऊन ये. तिच्या हातात देईन, तुह्या नाही." तो पुन्हा फुलांच्या ओळीकडे फिरकला नाही.

अशा या बाईला परपुरुषासमोर एक शब्द मात्र उच्चारता आला नाही. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात उतरते, हे मला फार उशिरा समजले. तिला जांघेत कळ येई आणि गुडघ्यातही येई. डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, "कुठे दुखते?" तिने गुडघा सांगितला आणि जांघ गिळली. लुगड्याला हात न लावताही, नुसते निजवून दोन्ही टाचा शेजारी ठेवल्या असत्या, तर एक पाय किंचित आखूड आणि बाहेर वळलेला दिसला असता. तेवढेही झाले नाही. लेप दिला आणि सांधा मोकळा होण्यासाठी चालायला सांगितले.

ती काठी टेकत रोज बाजारात येऊ लागली. मी बसायला सांगे, तर म्हणे, "डाक्टर म्हणते चाल, पाय म्हणते बस. कोनाचं आयकू? डाक्टर शिकेल हाय, पाय अडानी हाय."

संक्रांतीच्या सुमारास मी तिला अकोल्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी पडद्याआड तिच्याशी निवांत बोलून सगळे काढून घेतले. बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "खुब्याचं हाड पडली त्याच दिवशी चिरलं होतं. तेव्हाच निजवून पायाला वजन बांधलं असतं, तर कदाचित जुळलं असतं. चालून ते आणखी सरकलं. आता माझ्या हाती फारसं नाही."

परतताना गाडीत मी विचारले, "मामी, डॉक्टरांना का सांगितलं नाही?" तिने पदर तोंडावर ओढला. "त्यानं लुगडं वर घे म्हणलं असतं. तुमची माय असती तं तिनं घेतलं असतं काय, वकीलसाहेब?"

पुढे ती अंथरुणावरच राहिली. पाठीला जखमा झाल्या, ताप आला, आणि बाजारातला तो आवाज थांबला. तिच्या जागी आता दुसरी कोणी बसते. तीही हार देते, पण मला काही बोलत नाही.

ती गेल्यावर मी दवाखाना समितीपुढे उभा राहिलो आणि बायकांना तपासण्यासाठी एक शिकलेली परिचारिका नेमावी, अशी मागणी केली. अध्यक्ष रावसाहेबांनी ती एका वाक्यात निकालात काढली: "आजवर एकाही बाईची तक्रार आलेली नाही."

रावसाहेब, आपण खरे बोललात. दोष आहे तो नेमका त्यातच. सभेच्या दिवाणखान्यात बायका येत नाहीत. म्हणून माझी जाहीर मागणी अशी की, येत्या बाजाराच्या दिवशी आपण भाजी-फुलांच्या ओळीत उभे राहून हेच वाक्य त्या बायांच्या तोंडावर उच्चारावे, आणि त्यांनी तक्रार करायची होती ती कोणाजवळ, याचे उत्तर तिथेच द्यावे.