पहिलीचा टाक

मी भुतांच्या प्रेमकथा लिहिते. हे वाक्य मी अजून कुठल्याही हळदीकुंकवात उच्चारलेलं नाही. कोणी विचारलं तर "थोडंफार लेखन करते" म्हणते आणि पुढच्या बाईकडे वळते. एकदा सांगून पाहिलं होतं. जळगावात आमच्याच पिंप्राळ्यातल्या एका शेजारणीने चहाचा कप तसाच हवेत धरला आणि विचारलं, "म्हणजे भूत आणि बाई... सगळं?" हो बाई, सगळं. किळस आली ती मला तिची नाही, माझीच, कारण त्या दुपारी मी खरोखरच 'सगळं' लिहून, कुकरच्या शिट्ट्या मोजून तिच्याकडे गेले होते.

मोबाईलवर गोष्टी ऐकवणारं एक अ‍ॅप आहे, त्यांच्यासाठी मी मालिका लिहिते. पुण्यातली एक मुलगी माझे भाग तपासते. ती मला "मॅम" म्हणते आणि माझी चांगली वाक्यं खोडते. तिचं गणित पक्कं आहे. सुरुवातीला अंगावर काटा, मध्ये स्पर्श, शेवटी किंकाळी. चुंबन अर्ध्यावर तोडायचं, म्हणजे माणसं पुढचा भाग लावतात. भूत देखणं पाहिजे आणि त्याचे हात थंडगार पाहिजेत. पहिल्यांदा मला या थंड हातांचं हसू आलं होतं. आमच्या जळगावच्या मे महिन्यात थंड हाताचा नवरा मिळाला तर तो जिता आहे की मेलेला, हे विचारत बसणार कोण! पण तेच हात विसाव्यांदा लिहायची वेळ आली की त्या मेल्याला उचलून कूलरच्या टाकीत बुडवावंसं वाटतं.

सकाळी घरातले डबे गेले की मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते. संवाद आधी मोठ्याने बोलते, मग लिहिते. बाईही मीच, भूतही मीच. आमची भांडीवाली पहिल्या दिवशी साबणाचे हात घेऊन दारापर्यंत पळाली होती. आता ती घासता घासता विचारते, "आज तरी धरलं का हो मेल्याने तिला?" तिला उत्तर दिलं की मला वाटतं, बरोबर चाललंय. एवढीच माझी कला. तिला कला म्हणायचीही लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी त्या पुण्याच्या मुलीचा फोन आला. "मॅम, लोकांना अस्सल विधी हवेत. तुमच्याकडे खानदेशात काहीतरी असेलच ना?"

असेलच ना! जणू आमच्या घराघरात एकेक भूत फडताळात ठेवलेलं असतं. मी चिडले, फोन ठेवला आणि तेवढ्यात मला मावशीचा टाक आठवला.

माझी मावशी दुसरेपणावर दिलेली. धुळ्याच्या पुढे, शिरपूरकडे, तापीच्या काठावर तिचं गाव. नवऱ्याची पहिली बायको दोन वर्षांचा मुलगा मागे ठेवून गेली होती. अशा घरात दुसरी आली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. चांदीचा बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. नवं लुगडं आणलं की घडी आधी टाकाला लावायची. कुंकू आधी तिला. जेवताना पहिला घास तिच्या नावाने ताटाबाहेर. रीत सवतीला खूश ठेवण्याची आहे, कोपू नये म्हणून. पण मावशीने त्या रीतीची मैत्रीण करून टाकली. तिला स्वतःचं मूल झालं नाही, काका लवकर गेले, आणि घरात बोलायला उरली ती ही, गळ्यातली. लहानपणी सुट्टीत मी चुलीपाशी बसून ते बोलणं ऐकलंय. "खाय माय, आज भाजी खारट शे." मुलगा रुसला की तक्रारही तिच्याकडेच. "तुन्हा पोऱ्या आज मन्हासंगे बोलना नही. तू समजाड त्याले." मग मावशी जरा थांबायची, उत्तर ऐकल्यासारखी, आणि खुदकन हसायची. काय ऐकायची, कोण जाणे. त्या घरात मला कधी भीती वाटली नाही.

अन् ते मी विकायला काढलं. दुसरं काय म्हणू? माझ्या मालिकेत दुसरी बायको टाक घालते आणि पहिली तिच्या अंगात उतरून नवऱ्यावर प्रेम करते. एक देह, दोन बायका. पुण्याची मुलगी वेडी झाली. पहिला घास, लुगड्याची घडी, कुंकू, सगळं मी जसंच्या तसं घातलं. पहिलीच्या तोंडी मात्र शुद्ध, मधाळ मराठी. "सखे, तुझ्या श्वासात मी आहे." आमच्याकडची अहिराणी बोली लोकांना कळत नाही म्हणे. आवाज द्यायला पुण्याचीच कोणी मुलगी घेतली, ती बोलते असं की कानात कोणी पाक ओतावा.

मावशीला राग येईल म्हणून मी धास्तावले होते. कसला राग! तिच्या सुनेच्या मोबाईलवर रोज संध्याकाळी भाकरी भाजताना भाग लागायचा. मावशी गल्लीत सांगत सुटली, "मन्ही भाची लिखस." फोनवर मला म्हणाली, तुझी पहिली फार गोड बोलते गं. मी हुरळले. गाढवच मी.

मग मालिका रेंगाळली. ऐकणारे गळायला लागले, आणि पुण्याहून रोज एकच घोषा, मॅम, काहीतरी मोठं हवं. एका दुपारी मी लिहिलं की पहिलीच्या मुलाची बायको, घरातली सून, गरोदर राहते आणि पहिलीची नजर तिच्या पोटावर जाते. तिला पुन्हा जन्म हवा असतो आणि त्यासाठी पोटातल्या बाळाची जागा. भागाच्या शेवटी सुनेची किंकाळी. पुण्याहून उत्तर आलं, "डेंजर आहे मॅम, हेच ठेवा."

मावशीची सून तेव्हा पाचव्या महिन्यात होती. आधी एकदा तिचं पोट पडलं होतं. ते मला माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही, असं मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. साफ खोटं. आठवलं होतं. त्यावरूनच तर सुचलं होतं.

पंधरवड्याने मावशीचा फोन आला. आवाज बारीक. सून तिच्या हातचं जेवेना. तिच्या समोर बसेना. गळ्यातला टाक नदीत सोडा, नाहीतर मी माहेरी जाते म्हणाली होती. मी पारोळ्यावरून जाणारी पहिली गाडी धरली. मनात एकच, की समोर बसून सांगायचं, अगं ही माझ्या डोक्यातली घाण आहे, तुमच्या घरात काही नाही. टाक वाचला पाहिजे. मावशीला त्या घरात दुसरं होतंच कोण?

सुनेने मला पाणी दिलं आणि दाराच्या चौकटीतच उभी राहिली. एक हात पोटावर. मी सांगितलं, "हे मी रचलंय. किंकाळी कमी पडत होती म्हणून रचलंय."

"ताई, पहिला घास खरा ना?" ती म्हणाली.

"खरा."

"लुगड्याची घडी? आई टाकाशी बोलतात ते?"

"ते खरं, पण..."

"मग एवढं सगळं खरं लिहिलं आणि नेमकं बाळाचं तेवढंच खोटं?"

मी मोबाईल काढून तिला पुण्याचा निरोप दाखवला. हे बघ, त्या मुलीने नुसतं आवडलं म्हणून ठेवायला सांगितलंय. तिने तो दोनदा वाचला. "'डेंजर आहे' लिहिलंय की," ती म्हणाली. "म्हणजे पुण्याच्या लोकांनासुद्धा माहीत आहे."

तिच्यावर चिडायची सोय नव्हती. एकदा पोट पडलेली बाई शहाणपणाने नाही, पोटाने विचार करते. मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. टाक त्याच्या आईचा. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ताई, मूल नीट होऊ द्या. मग दुसरा करून आणू." दुसरा! जणू बादली फुटली होती. मला इतकी शिसारी आली की मी तिथून उठले. त्याची, सुनेची, त्या पुण्याच्या मुलीची, आणि सगळ्यात जास्त त्या टेबलाशी बसून दोन्ही आवाज काढणाऱ्या बाईची.

मावशी भांडली नाही. सकाळी तिने खण, नारळ, हळदकुंकू घेतलं आणि मला म्हणाली, चल. नदीपर्यंत आम्ही दोघीच चालत गेलो. पाण्याच्या कडेला तिने गळ्यातला दोरा सोडला आणि टाक तळहातावर घेतला. झिजून झिजून आकृतीचे नाक-डोळेही उरले नव्हते.

मग ती माझ्याकडे वळली. "तूच इचार तिले," ती म्हणाली. "जाऊ का ऱ्हाऊ, काय म्हणस ती?"

मला आधी कळलंच नाही. ती थट्टा करत नव्हती. तिने टाक माझ्यापुढे धरला होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तीस वर्षं जिचं बोलणं हिनेच ऐकलं, तिचा कौल आता मी द्यायचा होता.

मला वाटलं, हीच वेळ आहे. पहिली 'राहते' म्हणाली तर मावशी टाक परत गळ्यात बांधेल, सुनेला मी सांभाळून घेईन, माझ्या घरी नेऊन तिचं बाळंतपण करीन, काय वाटेल ते करीन. मी डोळे मिटले. स्वयंपाकघरात बोलते तशी बोलले. मन लावून बोलले. आयुष्यात एवढ्या जिवापाड मी एकही संवाद म्हटलेला नाही. "मला पाठवू नकोस गं. मी रागावलेले नाही. तुझ्या गळ्यातच माझं घर आहे. मी राहते."

डोळे उघडले तेव्हा मावशी मान कलती करून ऐकत होती, चुलीपाशी ऐकायची तशी. मी तिच्या हसण्याची वाट पाहिली.

"हाई तुन्ही पहिली शे," ती म्हणाली. "बरोबर तशीच बोलनी, मोबाईलमां बोलस तशी."

"मावशी, अगं..."

"मन्ही आते बोलत नही, पोरी. तुन्ही आयकाले लागनू तवयपासून मन्ही चूप शे."

तिने टाकाला कुंकू लावलं, खणात गुंडाळला आणि वाकून पाण्यात सोडला.