शिंगावरची तांबडी चिंधी

जखमी: सोनपेठच्या बाजारात मडकी विकणारी कुंभारीण, पाय मोडलेला. जनावर: तांबडा मारका बैल. साक्षीदार: बाजारातले बहुतेक सगळे. विकणारा: माझ्या ओळखीचा बैलांचा व्यापारी, ज्याचे नाव मी येथे अदबीने राखून ठेवतो.

हा गृहस्थ सौदा रुमालाखाली बोटांनी करतो, परंतु बोलतो असे की पलीकडच्या गल्लीतली गुरे कान टवकारतात. माणसाआधी तो बैलाची खुशाली विचारतो. मारक्या बैलाच्या शिंगाला तांबडी चिंधी बांधण्याचा रिवाज आहे. त्या दिवशी गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून त्याने ती सोडली. सौदा झाला, कासरा नव्या धन्याच्या हाती गेला, आणि लगेच बैलाने कुंभारणीला उडवले.

मी कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो; तो माझ्याकडून आपला जबाब लिहून घ्यायला आला. "कासरा हातातून गेला, सबब जबाबदारी नव्या धन्याची," असा नामी मुद्दा मी त्याच्यासाठी काढला.

"लय भारी लिवलं, मुनशीजी," तो गरजला. "पर ते फाडा. चिंधी म्या सोडली, तसं लिवा."

"अहो, मग सगळं तुमच्यावर येईल!"

"येऊ द्या की. पाय तिचा मोडलाय, माझी जीभ न्हाई मोडली."

दोष मागून घेणारा अर्जदार माझ्या लेखणीला हाच भेटला. सबब तहसीलदार साहेबांच्या सेवेशी विनंती, की कुंभारीण चालू लागेपर्यंत तिच्या घरखर्चाचा भार नव्या धन्यावर न टाकता याच अर्जदारावर टाकावा. अर्जदार हुकुमासाठी बाहेर उभा आहे. त्याचा आवाज हुजुरांना ऐकू येतच असेल.