कापसाचं जाकीट

धरणावर नावेत बसायला मी का येत नाही, हे खरंच ऐकायचंय तुम्हाला? मग चहा परत सांगा, ही फजिती एका कपात मावणारी नाही. आणि एक अट आहे. हसायचं ते शेवटी. मधेच दात काढलेत तर मी उठून जाईन. बघा, अजून तोंड उघडलं नाही तर ह्याचे दात दिसायला लागले!

तर, मानवतला माझं गाद्यांचं दुकान. कापसाचा ढीग बघून त्याची जात सांगणारे तालुक्यात पुष्कळ असतील, पण डोळे मिटून नुसत्या चिमटीवर सांगणारा हा दिगंबर गादीवाला एकटाच! असं मीच सगळ्यांना सांगायचो. दुसऱ्या कोणी सांगितल्याचं काही आठवत नाही.

माझा मेहुणा किसन, म्हणजे आमच्या वच्छलाचा धाकटा भाऊ, जिंतूर तालुक्यात धरणाच्या काठाला राहतो. त्यांची जमीन धरणात गेलेली. दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हा पठ्ठ्या म्हणाला, "रान पान्याखाली गेलं ना दाजी? मग आता पान्यावरच पोट भरू." आणि त्यानं नाव बांधली. मासे धरायची नाही बरं का, माणसं फिरवायची! रविवारी परभणी-जिंतूरकडची मंडळी डबे बांधून धरण बघायला यायची. पण धरण बघून बघून किती बघणार? भिंत आणि पाणी! त्यांना पाण्यात एक चक्कर मारून आणायची, असा त्याचा बेत. वर पट्ट्यापट्ट्याचा चांदवा, बसायला फळ्या आणि फळ्यांवर गाद्या. गाद्या अर्थात आमच्या दुकानच्या.

आता झालं काय, की ह्या नावेत किसनचं लग्न अडकलं. चारठाण्याच्या सुमनला तो पसंत होता आणि त्याला तर ती इतकी पसंत होती, की वल्हं मारता मारता एकटाच हसायचा. पण सुमनचे वडील आबाजी म्हणजे सरळ माणूस, पण गाठ पक्की. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "पान्यावरच्या धंद्याला माजी ना न्हाई. पर नावंवर सरकारी नंबर पायजे. उद्या साहेब लोकांनी नाव जप्त केली तर माजी पोरगी काय वल्हं खांद्यावर घिऊन माहेरी यील?"

शिवाय सेलूचं एक स्थळ आबाजींच्या उंबऱ्यात येऊन बसलेलं. जिनिंगमध्ये पक्की नोकरी. सुमननं आईकरवी थोडी सवड मागून घेतली होती, तेवढाच काय तो किसनला आधार.

किसननं नोंदणीसाठी अर्ज केला. औरंगाबादहून तपासनीस साहेब येऊन नाव बघून गेले आणि काय काय पाहिजे ते तोंडपाठ म्हणावं तसं सांगून गेले. नावेच्या दोन्ही अंगांना नंबर रंगवायला जागा पाहिजे. जादाचं वल्हं पाहिजे. पाणी उपसायला डबा पाहिजे. बुडणाऱ्याला फेकायला दोरी बांधलेली गोल ट्यूब पाहिजे. आणि बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात तरंगणारं जाकीट पाहिजे, तेही केशरी, म्हणजे माणूस लांबून दिसतो.

बाकी सगळं किसननं जमवलं. ट्रकची ट्यूब आणली, नवी दोरी आणली. जाकिटांपाशी गाडं अडलं. ती म्हणे मुंबईला मिळतात. त्यात विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद चाललेले, एसटी आज निघेल तर उद्या नाही. साहेबांची दुसरी फेरी तोंडावर आलेली. किसन तोंड एवढंसं करून माझ्या दुकानात बसला.

"दाजी, आता सेलूवालाच मुंडावळ्या बांधतोय बघा."

आता मला सांगा, मेहुणा असा समोर बसलाय, मागं कापसाचा ढीग आहे, हातात दाभण आहे. माझ्यातला कलाकार गप्प बसेल?

"खुळा का काय! मी बसलोय ना! जाकीट म्हणजे काय रे? हात घालायची गादी! आणि कापसापेक्षा हलकं या दुनियेत आहे काय?"

आतून वच्छलाचा आवाज आला, "अहो, वल्ली गोधडी पिळायला दोघीजणी लागतात. तुमाला ठाव तरी हाय का?"

"गोधडी वेगळी, हा पहिल्या वेचणीचा कापूस वेगळा. तुला त्यातलं काय कळतंय?"

"मला कापसातलं न्हाई कळत," ती म्हणाली, "पान्यातलं कळतंय. धुणं मी धुते."

मी काय केलं असेल? एक जाकीट शिवून सरळ दारातल्या हौदात टाकलं. तरंगलं! वर खलबत्त्यातला बत्ता ठेवला. तरी तरंगलं! मी गल्ली गोळा केली. "बघा! लोखंड तारलं कापसानं!" वच्छला नुसती भांडी घासत राहिली. तिचं गप्प बसणं हा इशारा असतो, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कळत नव्हतं. तेवढ्यात चहा आला, म्हणून मी बत्ता उचलला, जाकीट काढून दोरीवर टाकलं आणि जिंकल्यासारखा चहा प्यायलो. ते हौदात अजून थोडं राहू दिलं असतं, तर आज ही गोष्ट सांगायची पाळीच आली नसती.

मग काय, नावेत बसतील तितक्या माणसांची जाकिटं शिवली. कापूस ठासून भरला. बंदांना आमच्या दुकानची खास गाठ मारायची ठरवली. पोरांनी गादीवर कितीही उड्या मारल्या तरी ती सुटत नाही. केशरी कापड मिळेना, तर रंगपंचमीचा उरलेला रंग कालवून त्यात बुडवून काढली. वाळत घातली तर गल्ली कशी नुसती झगमगली! मी मनात म्हटलं, दिगंबरा, आता मुंबईवाल्यांनीच तुझ्याकडून जाकिटं न्यावीत.

तपासणीला सगळं गाव काठावर आलं. आबाजी आले, सुमन आईबरोबर आली, वच्छला तर माझ्याबरोबरच होती. साहेब म्हणजे किरकोळ अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. खांद्याला थर्मास. नाव बघितली, वल्हं बघितलं, डबा बघितला, दोरी ताणून बघितली, ट्यूब दाबून बघितली. सगळ्याला मान हलवली. मग जाकिटांपाशी आले.

"आत काय भरलंय?"

"एक नंबर कापूस, साहेब!" मी छाती काढून पुढं झालो. "हे आपल्या हातचं काम!"

साहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. मला वाटलं, कौतुकानं बघतायत.

"पोहता येतं?"

"जाकीट असल्यावर पोहायची गरजच काय, साहेब?"

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "मग उतरा."

हे मात्र आपल्या हिशोबात नव्हतं! किसन घाईनं म्हणाला, "साहेब, मी उतरतो." साहेब म्हणाले, "नाव चालवणारानं नाव सोडायची नाही." इकडं आबाजी बघायलेत, सुमन बघायलीय, अख्खं गाव बघायलंय. सांगा, कुठल्या तोंडानं मागं सरू? किसनचं लग्न माझ्या छातीवर बांधलं होतं, माझ्याच गाठीनं!

जाकीट चढवलं, साहेब आणि किसनबरोबर नावेत बसलो आणि खोल पाण्यात नाव थांबली. मी देवाचं नाव घेतलं आणि उतरलो.

आणि तरंगलो ना राव! खरंच तरंगलो! पाणी छातीपर्यंत, खाली पाय मोकळे, वर मी मजेत. काठावर टाळ्या पडल्या. मला काय, चेवच आला. मी तिथूनच भाषण सुरू केलं, "मंडळी, कापूस ही साधी वस्तू नाही! आपल्या मातीतलं हे पांढरं सोनं..."

साहेबांनी थर्मास उघडून टोपणात चहा ओतला. "चालू द्या," म्हणाले.

मी चालू दिलं. बोलता बोलता मला वाटलं, नाव वर चाललीय. मघाशी नावेची कड माझ्या डोळ्यांसमोर होती, आता मान वर करून बघावं लागत होतं. म्हटलं, अरे, नाव कशी काय वर चालली? तेवढ्यात पाणी खांद्याला लागलं. मग गळ्याला. अंगावर कोणी गव्हाचं पोतं ठेवतंय असं व्हायला लागलं. आणि माझ्या चारी बाजूंनी पाणी केशरी!

काठावरून कोणीतरी ओरडलं, "आरं, दाजी बुडायलेत!"

दुसरा म्हणाला, "बुडत न्हाईत, आजून बोलायलेत की!"

वच्छलाचा आवाज सगळ्यांच्या वर, "आहो, त्ये जाकीट काढा आदी!"

काढा म्हणे! गाठ कोणाची? दिगंबर गादीवाल्याची! पोरांनी उड्या मारून न सुटणारी! पाण्यानं फुगून ती अशी बसली होती, की दाभण असतं तरी निघाली नसती. पुन्हा "पांढरं सोनं" म्हणायला गेलो, त्यातलं सोनं तोंडात राहिलं आणि मी खाली गेलो. खरं सांगतो, त्या केशरी अंधारात मला माझी काळजी कमी आणि किसनची जास्त वाटली. म्हटलं, मेलो तर मेलो, पण पोराचं लग्न घेऊन मेलो!

वर डोकं आलं तेव्हा किसननं फेकलेली ट्यूब बरोब्बर माझ्या गळ्यात पडली. नेम बघा! "धरा दाजी! सोडू नगा!" तो ओरडला. मला नावेत ओढायला गेला, तर नाव एका अंगाला कलली. साहेबांचा चहा साहेबांच्याच मांडीवर सांडला. शेवटी मला नावेच्या मागं बांधून, दावं लावून हेला ओढावा तसा ओढत काठावर आणलं.

काठावर चौघांनी मला उभं केलं. जाकिटातून पाण्याच्या धारा लागलेल्या, डोक्यापासून पायापर्यंत मी केशरी पिवळा. आबाजींनी मला खालवर न्याहाळलं आणि विचारलं, "आमाला वाटलं हळद किसनला लागायची हाय. यान्ला कुनी लावली?"

हसा, हसा. मघाची अट गेली चुलीत.

पण मला हसू येत नव्हतं. किसनचा चेहरा पांढराफटक पडला होता. वच्छला माझ्या गाठी विळ्यानं कापत होती आणि रडत होती. मी साहेबांपुढं हात जोडले. "साहेब, अक्कल माझी गेली, पोराची नाही. त्याला नापास करू नका."

साहेब पँट झटकत म्हणाले, "जाकिटं नापास. सगळी. खरी जाकिटं कुठून मागवायची ते मी सांगतो. ती येईपर्यंत नाव बांधून ठेवायची. आली की नंबर मिळेल." मग म्हणाले, "दोरी पास. ट्यूब पास. नावाडी पास. मी पुष्कळ नावा तपासल्या, पण माणूस खराखुरा बुडवून, काढून दाखवायची सोय कोणी केली नव्हती. क्षमता सहा माणसं. हे गृहस्थ जाकिटासकट आले, तर तीन."

काठ हसला, पण माझे कान आबाजींकडं. जाकिटं यायला वेळ लागणार, म्हणजे तोवर सेलूवाला डाव साधणार! आबाजी पागोटं काढून डोकं खाजवायला लागले. सुमननं हळूच त्यांची बाही ओढली. नजर मात्र किसनच्या हातातल्या दोरीवर.

"साहेब," आबाजी म्हणाले, "नंबर कवाबी द्या. माजं काम झालं. आसल्या दाजीला ज्यानं पान्यातनं वर काढलं, त्यो माज्या पोरीला काय बुडू देत न्हाई. सोयरीक पक्की!"

अहो, काय सांगू! मी त्या अर्ध्या सुटलेल्या ओल्या जाकिटासकट किसनला मिठी मारली. आम्ही दोघंही चिखलात बसलो. पुन्हा हसण्याचा कल्लोळ!

पुढं खरी जाकिटं आली, नावेवर झोकात नंबर रंगवला गेला आणि लग्न लागल्यावर पहिली फेरी नवरा-नवरीची ठरली. मी नापास जाकिटांतला कापूस उन्हात वाळवून, पिंजून, त्याची जोडगादी आहेर केली होती. म्हटलं, आता माझी इज्जत परत आली. नावेत पाय टाकायच्या आधी बायकांनी सुमनला अडवलं, उखाणा घे म्हणून. लाजरी पोर, मान खाली. म्हटलं, देवादिकांचा एखादा साधा उखाणा घेईल. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदा माझ्याकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"मानवतचा कापूस गेला धरणाच्या तळाला,
किसनरावांनी ट्यूब टाकली दाजींच्या गळ्याला!"

झालं! सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? आमची वच्छला!

आता तो उखाणा चारठाण्यापासून सेलूपर्यंत पसरलाय. मी ज्या लग्नाला जाईन तिथं नवरी माझ्याकडं बघून तोच घेते. नवऱ्याचं नाव दर लग्नात बदलतं हो, पण बुडणारा दाजी मात्र मीच!