कुलूप लावलेला आवाज

आमच्या पांढुर्ण्यात मी कोणाची नक्कल केली नाही, ते विचारा. स्टेशनवरची घोषणा, 'सौसर-सौसर' ओरडणारा कंडक्टर, जामसांवलीच्या देवळाच्या वाटेवर नारळ विकणारी बाई, शाळेतल्या हिंदीच्या मॅडम, सगळे माझ्या गळ्यात बिनभाड्याचे राहत. हिंदीच्या मॅडमनी एकदा मागून येऊन ऐकलं. मी त्यांच्याच आवाजात त्यांना म्हटलं, "बैठिए, बैठिए." मग दिवसभर मीच उभी.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा तेव्हा शाळेत मास्तर होते आणि काचबिंदूनं त्यांचे डोळे जाऊन राहिले होते. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग फळा, मग पेपर. ज्या माणसाला पेपरशिवाय चहा उतरत नसे, त्याच्या हातात पेपर नुसता घडी करून ठेवायला उरला. तेव्हा आई वाचायला लागली.

आई बोरगावकडच्या संत्र्याच्या बागाईतदाराची पोरगी, चौथी पास. दुपारचं जेवण झालं की ओसरीत भिंतीला टेकून बसायची, पेपर गुडघ्यावर, आणि सुरू. जोडाक्षर आलं की बैलगाडी नाल्यात उतरल्यासारखी हळू व्हायची. "मं... त्रि... मं... डळ." बाबा म्हणत, "पोचलं का वो भोपाळले?" आई म्हणे, "तुमी वाचा मंग!" आणि दोघंही हसत.

मी एकदा तिची नक्कल केली, तिच्यासमोरच. "मं... त्रि..." तिनं पाठीत धपाटा घातला. "मायी नक्कल करून राह्यली का वो, कार्टे!" बाबा इतके हसले की चष्मा पडला. मग म्हणाले, "पोरी, हे नक्कल नोहे. तुहा गळाच तिचा हाय."

त्या वाचनातली एक गोष्ट मला आणि आईलाच माहीत होती. आतल्या पानावर निधनवार्ता येत. बाबांनी अर्ध्या तालुक्याला शिकवलेलं, त्यामुळे कोणी ना कोणी ओळखीचं निघेच. आई त्या रकान्यावर अंगठा ठेवायची, जराशी थांबायची आणि सरळ संत्र्याच्या भावावर जायची. मी तिच्या खांद्यावरून पाहायची. ती माझ्याकडं डोळे वटारून बघे, मतलब, चूप. मी चूप. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं, पण ह्या बाबतीत मी बिलकूल इमानदार.

मी मोठी झाली, सौसरला कॉम्प्युटर शिकवायला जाऊ लागली, आणि आई गेली. तापाचं निमित्त झालं. बाबांच्या उशाशी पेपर घडीतच राहू लागला. मी वाचून पाहिलं, तर म्हणाले, "तू पळतं. बस सुटून राह्यली का तुही?" शेजारच्या काकांनी वाचून पाहिलं, तर बाबा झोपून गेले.

मग मी क्लासमधला जुना कॉम्प्युटर घरी आणला. त्यात लिनक्स टाकलं, कारण ते फुकट होतं आणि असल्या म्हाताऱ्या डब्यावरही चालत होतं. त्यात लिहिलेलं बोलून दाखवणारं एक सॉफ्टवेअर होतं. आवाज कसा? टिनाच्या डब्यात बसून कोणी बोलावं तसा. मी सकाळी इंटरनेटवरून बातम्या उतरवून ठेवायची, निधनवार्ता आधीच उडवून टाकायची, आणि सौसरची बस पकडायची. एका बटनावर डिंकाचा थेंब वाळवून ठेवला होता. बाबांच्या बोटाला तो लागला की दाबायचं, की वाचन सुरू.

पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, "हे कोन वो? पडसं झालं का इले?" पण आठ-पंधरा दिवसांत जमलं. ते सॉफ्टवेअर जुनं होतं आणि त्याला एक खोड होती. जोडाक्षराला अडखळे आणि एक बातमी संपली की दुसरीच्या आधी चांगला वेळ थांबे. बाबा त्या थांबण्यात "हं" म्हणत. कधी म्हणत, "वाच वो, थांबली काहून?" सुटीच्या दिवशी मी चहा गाळता गाळता ऐकायची आणि चहा गाळतच राहायची.

एकदा मी म्हटलं, "बाबा, याचं नवीन येऊन राहिलं म्हणे. आवाज एकदम माणसासारखा."

"हिले बदलू नको," बाबा म्हणाले. "बाकीचं काय बदलाचं ते बदल."

म्हणून मी कुलूप लावलं. लिनक्समध्ये सगळ्या सॉफ्टवेअरची यादी दिसते. त्यातल्या एकावर बोट ठेवून सांगता येतं की बाकी सगळं नवीन करा, याला हात लावू नका. त्याच्या नावापुढं छोटंसं कुलूपही दिसतं. मी ते बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "किल्ली कोनापाशी?" मी म्हटलं, "माझ्यापाशी." बाबा खुश.

पण त्या कॉम्प्युटरमध्ये नवीन करणारा आणखी एक गडी होता, म्हणजे दुसरं एक सॉफ्टवेअर. आपणहून खिडकी उघडून 'नवीन आलं हाय, टाकू का' विचारणारा. मी एका सकाळी बिनधास्त 'टाक' म्हटलं. कुलूप होतं ना! पण यादीत लावलेलं कुलूप त्या गड्याला दिसतच नसे. आपल्या घरची सूचना शेजाऱ्याच्या मजुराला कशी कळणार? त्यानं सगळं नवीन केलं, आवाजासकट, आणि जाता जाता जुनं झाडून बाहेर टाकलं.

संध्याकाळी मी घरी आली तर बाबा ओसरीत नुसते बसून होते.

"ते बाई कुठी गेली वो?"

"कोणती बाई?"

"आपली."

मी बटन दाबलं. नवीन आवाज धावत सुटला. गोड, साफ, रेडिओवरच्या पोरीसारखा. 'मंत्रिमंडळ' एका दमात. बातमीला बातमी चिकटलेली, मध्ये श्वास नाही.

यादीत जाऊन पाहिलं, तर कुलूप जिथल्या तिथं. भिंत फोडून घर साफ झालेलं आणि दाराला कुलूप लटकून राहिलेलं. मी जुनं परत आणायला दिवसच्या दिवस घातले. त्याच्या जवळपासचं जुनं काही बसवलं की दुसरं काही बंद पडे, आणि नेमकं तेच शेवटपर्यंत सापडलं नाही. इंटरनेटवर एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, नवीन चांगलं आहे की, जुन्याचं काय करता?

बाबांनी तक्रार नाही केली. फक्त ते बटन दाबणं बंद केलं. डिंकाच्या थेंबावर धूळ बसली. जेवण कमी झालं. कोणी विचारलं की म्हणत, "बातम्या काय, त्याच असतात."

एका रविवारी दुपारी मी पेपर घेऊन ओसरीत बसली. म्हटलं, आपण कशाला नकलाकार! आधी त्या डब्याच्या आवाजात सुरू केलं. "मं... त्रि... मं... डळ." बाबांच्या ओठाचा कोपरा हलला. मी वाचत गेली. वाचता वाचता डबा कधी सुटला ते मला कळलं नाही. भिंतीला टेकून, पेपर गुडघ्यावर, मी आईच्या गळ्यानं वाचून राहिली होती. तिची नक्कल मी धपाट्यानंतर कधीच केली नव्हती.

आतलं पान उलटलं. निधनवार्ता. पहिलंच नाव तिगावच्या मास्तरांचं. बाबांसोबत एकाच शाळेत आयुष्य काढलेले, दर पोळ्याला घरी येणारे, यंदा मात्र आजारपणामुळं न आलेले. माझा अंगठा आपोआप तिथं गेला. मी जराशी थांबली आणि म्हटलं, "संत्र्याचे भाव..."

"कोन गेलं वो?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही. भाव वाचून राहिली न मी."

"तुही माय बी असीच थांबे," बाबा म्हणाले. "तिले वाटे मले समजत नाही. ती थांबली की मी संध्याकाळी चौकात जाऊन इचारून घ्याचो. घरी येऊन तिले काही सांगत नव्हतो." मग म्हणाले, "ते मशीन बी थांबे. मले वाटे, कोनीतरी अजून मायापासून काही लपवून राह्यलं. बरं वाटे."

मी रकान्यावरचा अंगठा उचलला. मी म्हटलं, "सांगू का, कोण ते?"

"नको. तू भाव वाच."

मी वाचले. बाबांनी शेवटपर्यंत ऐकले. मग चपला चाचपल्या. चौकापर्यंत एकटं जाणं त्यांना आता जमत नव्हतं, म्हणून मीच हात धरून नेलं. पानठेल्यापाशी हात सोडला आणि पाठ करून थोडी दूर उभी राहिली, जसं मला काहीच माहीत नाही. मागून बाबांचा आवाज आला, अगदी हळू, "का गा, तिगावकडची काही खबर?"