अवेळी वाजवलेली घंटा

मी देवाशी भांडले, हे आधीच कबूल करते. प्रार्थना नव्हती ती, सरळ भांडण होतं. आमच्या वसईकडच्या गावात सरकारने दवाखान्याची खोली बांधली, पाटी लावली आणि कुलूप घातलं. नर्सबाई मंगळवारी येईल असं भिंतीवर लिहिलेलं. कुठल्या मंगळवारी, ते लिहायचं राहिलं असावं. आणि आम्ही तरी काय, त्या खोलीच्याच ओसरीवर सणाचे बाक रचून ठेवायचो आणि निवांत माळ जपायचो.

माझी रोझी दीड वर्षाची. बुधवारपासून तिला जुलाब आणि उलट्या. पोट वाहतंय तर पाणी तोडा, असं सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे तसंच करायचे. सातवी शिकलेली मी, पण मीही तेच केलं. गुरुवारी सकाळी पोरीचे डोळे खोल गेले, रडली तरी डोळ्यांत टिपूस नाही. नवरा मुंबईला कामावर, सकाळची एसटी गेलेली, पुढची चारला. तिला कडेवर घेऊन दवाखान्याकडे धावले. कुलूप, तेही गंजलेलं.

मग देवळात गेले. आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. मरियामातेपुढे उभी राहिले, गुडघे टेकले नाहीत. म्हटलं, तुझं लेकरू गेलं तेव्हा ते दुःख तुला कळलंच ना, मग आता काय बघत बसलीयस? माझा असा संताप झाला की एका हाताने घंटेचा दोर धरला आणि ओढत सुटले. अवेळी घंटा म्हणजे आग नाहीतर मरण. बाईमाणसाने तर त्या दोराला कधी हात लावला नव्हता. वाड्यांतून झाडांचं शिंपणं टाकून माणसं धावत आली. फादर चहा टाकून आले आणि मला रागे भरले.

"ही बघा," मी रोझीला पुढे केलं. "ही मरतेय आणि तुम्ही कुलूप सांभाळताय."

गर्दीत लाडकी होती, पूर्वेच्या डोंगराखालच्या पाड्यावरून मोळी विकायला येणारी आदिवासी बाई. तिने मोळी टाकली, रोझीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि माझ्यावरच डाफरली.

"पानी का तोडलंस, बाय? माझा एक असाच गेला."

फादरांच्या स्वयंपाकघरात तिने उकळून निववलेलं पाणी घेतलं, त्यात साखर आणि चिमूटभर मीठ घातलं आणि मला चाखायला लावलं. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको, म्हणाली. तिच्या पाड्यावर कुणी नर्स चालत जायची, तिने शिकवलेलं. चमच्याचमच्याने पाजत राहिलो. उलटी झाली की थांबायचं, पुन्हा पाजायचं. चारची एसटी आली तेव्हा रोझी भोकाड पसरून रडत होती, आणि गालांवर पाणी होतं. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, पाण्यानेच वाचली.

लाडकी एरवी शनिवारी यायची. गुरुवारी कशी आलीस, विचारलं, तर म्हणाली, आदल्या दिवशी माणिकपूरच्या बाजारात मोळी खपली नव्हती, म्हणून इकडे आले.

माता पावली, असं गाव म्हणालं. मीही म्हणते, गुडघे टेकून म्हणते. लाडकीलाही त्याच प्रार्थनेत धरते. जे माझ्या हातात नाही ते मातेवर सोडायला मी त्या दिवशी शिकले. राग मात्र गेला नाही, आणि तो जावा असं मी मागतही नाही.

पुढच्या मंगळवारी दहा वाजून गेले, कुलूप तसंच. मी देवळात गेले, आधी माळ जपली, मग दोर धरला. फादर आतून आले. वाटलं, आता पुन्हा बोलणी बसणार.

"थांब," ते म्हणाले, आणि माझ्या हातांच्या वर त्यांनीही दोर धरला.