प्रधानाच्या सहीवरचे कुंकू

माझे अक्षर वेडेवाकडे आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकते. चुकून कुणाच्या हाती ही वही पडलीच तर माफी असावी. चौथी झाली आणि लग्न होऊन मी कल्याणहून ठाण्यास आले. तोंडाने जे कधी बोलले नाही, ते लिहिते.

आमचे हे आगगाडीच्या कचेरीत कारकून. त्यांना जुन्या रोख्यांचा नाद. रूळ घालायला कंपनीने लोकांकडून पैसे घेतले, त्या वेळी दिलेले हे कागद. पैसे परत झाले की कागदाची रद्दी. पण खाली बड्या माणसाची सही असली तर शौकीन साहेब तो विकत घेतात. असे अकरा कागद आमच्या पेटीत होते. माझी दोन लुगडी बाहेर दोरीवर.

पुढे विलायतेत प्रधान झालेल्या एका माणसाची सही असलेला रोखा मुंबईत साठ रुपयांना मिळत होता. ह्यांनी पैसे माझ्या वडिलांकडून उसने आणले. ते धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले. जावयाला नाही कसे म्हणायचे?

"दिवाळी होऊ दे, आमचा साहेब दीडशे मोजणार आहे," हे म्हणाले.

लक्ष्मीपूजनाला ह्यांनी तो कागद स्वतः पाटावर ठेवला. मला म्हणाले, "हळदकुंकू वाहा," आणि दिवे लावायला बाहेर गेले. माहेरी धान्याचे दुकान. तिथे वहीपूजनाला मालकाच्या नावावर ओल्या कुंकवाचे बोट लावीत. विचारायची लाज वाटली. कागदावरचे सर्वांत मोठे नाव पाहून मी भक्तिभावाने त्यावर बोट टेकवले.

"अगं, काय केलंस हे!" ह्यांनी धोतराच्या सोग्याने पुसले. कुंकवाबरोबर सहीची शाईही पसरली.

सासूबाई म्हणाल्या, "कागदाला पाटावर बसवलास तू, आणि ओरडतोस तिच्यावर?"

"एवढी चौथी शिकलीय, कळू नये?"

साहेबाने कागद दोन बोटांत धरून परत केला. हे मला घेऊन कल्याणला गेले आणि वडिलांना म्हणाले, "तुमच्या मुलीने बुडवले. तिच्याकडे मागा." मी दाराआड उभी होते. पुसले तुम्ही, पसरले तुमच्या हाताने, एवढेच म्हणायचे होते. नाही म्हणता आले.

वडिलांनी काही मागितले नाही. फाल्गुनात बहीण एका बिजवराला दिली. त्याची थोरली मुलगी तिच्याहून दोनच वर्षांनी लहान. निघताना बहिणीने विचारले, "ताई, कुणाची सही होती गं त्यावर?"

"प्रधानाची."

"मग मोठा माणूस असेल," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

मी पापड लाटू लागले. शेजारच्या काकू ते घरोघर विकून देत. सात वर्षे लाटले. तेवढ्यात ह्यांनी आणखी चार कागद घेतले. पाहुणे आले की प्रधानाचा रोखा अजून दाखवतात, डागावर अंगठा ठेवून.

यंदा भाऊबिजेला माहेरी गेले तेव्हा शेवटचे तीन रुपये वडिलांपुढे ठेवले. त्यांनी ते हातात घेतले. मग दुकानाची जुनी वही काढली आणि ह्यांच्या नावापुढे लिहिले, साठ रुपये पुरे पोचले.