आक्कांनी हुंगलेलं बूच

आक्का पिणाऱ्यांतल्या नव्हेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक काय वाट्टेल ते बोलतात. परदेशी लेकीकडे महिनाभर राहायला गेल्या होत्या. एका रविवारी लेकीनं गाडीत घातलं आणि थेट वाइनरीत नेलं. “दारू कशी करतात ते बघायला एवढं लांब जायचं?” असं म्हणाल्या खऱ्या, पण पायात चपला सगळ्यांत आधी त्यांच्याच.

बत्तीस वर्षं आक्का डेअरीत दूध तपासून घ्यायच्या. कॅन समोर आला की झाकण उचलायचं, आतल्या बाजूला नाक लावायचं, की कॅन आत किंवा परत. दूध नाही हुंगायचं, झाकण हुंगायचं. वास तिथं साठतो. आक्कांनी “परत” म्हटल्यावर हूं की चूं करायची कुणाची छाती नव्हती. मग दोन वर्षांपूर्वी ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. आक्कांनी कुणाला सांगितलं नाही. झाकण नाकाशी धरायचं आणि कॅनवाल्याचं तोंड बघायचं; नजर चोरली की परत. चार महिने असे निभावले. एके सकाळी एका बेरक्या गड्यानं डोळ्याला डोळा भिडवून नासकं दूध आत सरकवलं आणि अख्खी टाकी गेली. “गुडघे धरतात हो,” म्हणत आक्का घरी बसल्या. लेकीलाही गुडघेच ठाऊक.

वाइनरीचा मालक म्हातारा होता, ताठ, पांढऱ्या मिशांचा. शेजारी त्याची सून. तळघरात लाकडी पिंपं आडवी रचलेली. आक्कांच्या प्रश्नांना खळ नव्हता. पिंपं लाकडाचीच का? धुतात कशानं? बूच किती दिवसांनी काढतात? लेक सांगून सांगून दमली. पाहुणे पेला फिरवत, घोट घेत आणि चक्क भांड्यात थुंकत.

“अगं, थुंकायचंच तर घ्यायचं कशाला?”

“आई, हळू बोल ना!”

म्हाताऱ्यानं एका पिंपाचं बूच काढलं आणि काचेच्या नळीनं पेले भरायला घेतले. आक्कांनी पेला घेतला नाही. सवयीनं बूच उचललं, उलटं केलं, नाकाशी नेलं.

ओलं फडकं. मोरीच्या कोपऱ्यात चार दिवस राहून गेलेलं, कुबट. आक्कांनी पुन्हा हुंगलं. गेले महिनाभर मधूनच साबणाचा, धुराचा भास व्हायचा आणि विरायचा. हाही भासच असेल तर? देवा, एवढा तरी खरा असू दे!

“त्यांना हुंगायला सांग,” त्यांनी लेकीला दटावलं.

“यजमानाच्या मालाला नावं ठेवतेस होय!”

“तू सांग गं.”

म्हाताऱ्यानं बूच हुंगलं, हसला, मान डोलावली. छान आहे म्हणे. आक्कांचं तोंड एवढंसं झालं. पण तो हुंगताना बघत कुठं होता? बुचाकडे नाही, सुनेच्या तोंडाकडे. ती नजर आक्का ओळखणार नाहीत तर कोण?

त्यांनी बूच त्याच्या हातातून घेऊन सुनेपुढे धरलं. तिनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग खिशातला खडू काढून पिंपावर फुली मारली. सासऱ्याकडे मात्र तिला बघवेना. म्हाताऱ्यानं नळी खाली केली.

भास नव्हता! आक्कांना तिथंच ओरडावंसं वाटलं, आणि त्याच्याकडे बघून ओरडवेना.

“त्यांना सांग,” त्या म्हणाल्या, “मलाही दोन वर्षं कसलाच वास येत नव्हता. काम त्यापायीच सोडलं.”

लेक गर्रकन वळली. “आई! तू तर गुडघे म्हणाली होतीस!”

“आधी त्यांना सांग. मग घे माझी झाडाझडती.”

लेकीनं सांगितलं. सुनेनं हळूच सासऱ्याच्या हातातली नळी काढून घेतली. म्हाताऱ्यानं पिंपावरच्या फुलीवरून बोट फिरवलं. मग खालच्या आवाजात त्यानं काहीतरी विचारलं.

“विचारतायत,” लेक म्हणाली, “परत आला तेव्हा पहिला वास कशाचा आला?”

आक्कांनी हातातलं बूच पुढे केलं.

“हाच. घाण आहे म्हणावं, पण फार बरा वाटला.”